बुंडरबॉसचे एकोणचाळीस सॅलॅमँडर

नेदरलँड्सच्या बुंडरबॉस नावाच्या जंगलातले सॅलॅमँडर भराभर नाहीसे होत होते आणि कारण कुणालाच सापडत नव्हतं. म्हणून उरलेल्यांपैकी ३९ उचलून बंदिवासात आणले, निदान एवढे तरी हाताशी राहतील या हिशेबाने. नोव्हेंबर २०१२ मध्ये ते बंदिवासातच मरायला लागले. डिसेंबर सरेपर्यंत त्यांतले ४९ टक्के गेले होते.

हे प्रकरण सविस्तर मांडायला दोन कारणं आहेत. बचाव म्हणून केलेली गोष्ट इथे जवळजवळ अंगाशी आली, आणि तरीही ती केली हे बरंच झालं, असं माझं मत आहे. दुसरं कारण जरा घरगुती आहे. काचेच्या टाकीत जीव पाळणाऱ्या माणसाला या ३९ जणांकडून जे कळतं, ते दुकानदार टाकीबरोबर देतो त्या सूचनांच्या कागदावर नसतं.

आधी प्राणी कोणता ते

आपल्या सह्याद्रीत सॅलॅमँडर नाही. बेडूक आहेत, जमिनीखाली राहणारी देवगांडुळं आहेत, पण मोठेपणीही शेपटी टिकवून ठेवणारा उभयचर नाही. भारतात तो बघायचा तर दार्जिलिंगच्या डोंगरात किंवा ईशान्येत जावं लागतं. दार्जिलिंगजवळ जोरपोखरीला त्याच्यासाठी राखलेलं एक चिमुकलं अभयारण्यही आहे. त्यामुळे मराठी वाचकाला हा प्राणी 'पालीसारखा' असं सांगावं लागतं आणि लगेच ती उपमा मागे घ्यावी लागते. आकार पालीचा खरा, पण अंगावर खवले नाहीत. कातडी ओलसर, पातळ, बेडकाच्या जातकुळीची. पाणी, क्षार, थोडाफार प्राणवायू, सगळ्याची ये-जा याच कातडीतून होते. म्हणजे कातडी गेली की जीव गेलाच.

बुंडरबॉसमधला सॅलॅमँडर म्हणजे फायर सॅलॅमँडर. काळाभोर अंग, त्यावर पिवळेधमक डाग, लांबी वीतभराच्या आतबाहेर. नावातल्या आगीची गोष्ट जुनी आहे. हा प्राणी कुजक्या ओंडक्यांच्या फटीत दडून बसतो. ओंडका चुलीत घातला की चटका बसून बाहेर पडतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की हा आगीतूनच जन्मला. खरं तर त्याला थंडावा लागतो. दिवसा दगडाखाली, ओंडक्याखाली. बाहेर यायचं ते ओल्या रात्री. मादी अंडी पोटातच वाढवते आणि झऱ्याच्या स्वच्छ पाण्यात कल्ल्यांची पिल्लं सोडते. पिल्लं पाण्यात वाढतात, मोठी झाली की जमिनीवर येतात आणि मग खोल पाण्याकडे फिरकत नाहीत, कारण मोठ्या सॅलॅमँडरला धड पोहताही येत नाही.

दोन गोष्टी पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवायच्या. हा प्राणी सावकाश जगतो, वीस वर्षं सहज काढतो. अशा जातीत पिल्लांची एखादी तुकडी बुडाली तरी चालून जातं. मोठे मेले की भरून निघत नाही. आणि प्रत्येकाच्या अंगावरच्या डागांची नक्षी वेगळी असते, जन्मभर ओळखता येण्यासारखी. पाठीचा फोटो काढला की तोच ओळखपत्राचा फोटो.

जागा म्हणाल तर नेदरलँड्सचं अगदी दक्षिण टोक, लिम्बुर्ख प्रांत. मास्त्रिख्त शहराच्या उत्तरेला, मास नदीच्या खोऱ्याच्या उतारावर पानझडी झाडांचा एक लांबट पट्टा आहे आणि त्यात जागोजागी झरे फुटलेले आहेत. तोच बुंडरबॉस. सगळ्या देशात फायर सॅलॅमँडरच्या मिळून तीन छोट्या वस्त्या होत्या आणि तिन्ही याच कोपऱ्यात. दक्षिणेला बेल्जियमच्या आर्देन डोंगरात आणि पूर्वेला जर्मनीच्या आयफेलमध्ये हा प्राणी चांगला पसरलेला. डच वस्त्या म्हणजे त्या पसाऱ्याची किनार.

रिपोर्ट नॉर्मल, पेशंट खंगत चाललेला

देशाच्या लाल यादीत हा प्राणी 'संकटग्रस्त' होता, पण परिस्थिती स्थिर समजली जात होती. थोडे आहेत, पण आहेत. २००८ पासून मात्र जंगलात अधूनमधून मेलेले सॅलॅमँडर दिसू लागले. एखाददुसरा मेलेला प्राणी दिसला म्हणून कुणी हादरत नाही. २०१० पासून आकडे कोसळले. राव्हॉन ही तिथली सरपटणारे, उभयचर आणि मासे यांच्यावर काम करणारी संस्था. या संस्थेतल्या आनमारीके स्पिट्झन-व्हान डर स्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ही घसरण मांडली तेव्हा ती ९६ टक्के भरली होती. त्यांनी तिला 'गूढ' म्हटलं, आणि शब्द मोजून वापरला होता.

नेहमीचे संशयित सगळे तपासून झाले होते. जंगल तोडलं गेलं नव्हतं, झरे आटले नव्हते. उभयचरांना मारणाऱ्या राना विषाणूची तपासणी झाली, काही निघालं नाही. बेडकांच्या जगात सर्वात बदनाम असलेली किट्रिड बुरशी, जिने मध्य अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत बेडकांच्या जातीच्या जाती पुसल्या, तिचीही चाचणी झाली. नाही. आपल्याकडे घरोघरी हा अनुभव असतो: सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि पेशंट मात्र डोळ्यांदेखत खंगत चाललेला.

इथे एक गोष्ट थांबून बघण्यासारखी आहे. ही घसरण कळली ती वर्षानुवर्षं कुणीतरी मोजत होतं म्हणून. टॉर्च घेऊन, पावसाळी रात्री, ठरलेल्या वाटेने, दिसेल त्याची नोंद करत. हे काम रटाळ असतं आणि त्यासाठी पैसे द्यायला सहसा कुणी पुढे येत नाही. पुढे कळलं की जर्मनीच्या आयफेलमध्ये हाच रोग २००४ इतक्या आधी पोहोचला होता. जतन करून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांत त्याचा माग लागला. म्हणजे बुंडरबॉस हे रोगाचं पहिलं जंगल नव्हे. तिथे मोजणारे होते, म्हणून आरडाओरड पहिल्यांदा तिथून झाली.

उचलायचे की नाही

२०१२ मध्ये निर्णय करायचा होता. कारण कळल्यावर उपाय करू म्हटलं तर तोवर एकही उरला नसता. उचलून आणावे तर आपण काय उचलून आणतोय हेच माहीत नाही. रोग असेल तर तो त्यांच्याबरोबर येणार, आणि जंगलात दूर दूर पसरलेले प्राणी एका छपराखाली आल्यावर तो जास्त वेगाने फिरणार.

त्यांनी उचलले. पुढे काय झालं ते वर सांगितलंच आहे. आधी खाणं सुटायचं. मग सुस्ती. मग चालताना तोल जायचा. लक्षणं दिसली की आठवड्याच्या आत खेळ संपायचा. कातडीवर बारीक बारीक, खोलगट जखमा.

जंगलाबाहेर आणणं चूक होतं, असं म्हणणारे तेव्हाही असतील. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण भावनिक नाही. जंगलात मेलेला सॅलॅमँडर सापडणं म्हणजे नशिबाचा भाग. तो मरतो ओंडक्याखाली, दोन दिवसांत कुजतो किंवा कुणाच्या तरी पोटात जातो. सापडलाच तर त्या कुजक्या कातडीवर शंभर प्रकारच्या बुरश्या वाढलेल्या असतात. त्यातली मारणारी कोणती आणि मेल्यावर जेवायला आलेली कोणती हे कसं ठरवणार? बंदिवासात मेलेला प्राणी मात्र त्याच दिवशी हातात येतो. त्याहून मोलाचं म्हणजे आजारी प्राणी जिवंत असताना हातात येतो. मारेकरी सापडला तो याच मृत्यूंमुळे.

हजेरीपटावर नसलेलं नाव

शोध लागला बेल्जियममध्ये, गेंट विद्यापीठाच्या पशुवैद्यक विभागात. आन मार्टेल आणि फ्रांक पासमान्स यांच्या गटाने आजारी सॅलॅमँडरच्या कातडीतून एक बुरशी वेगळी काढून प्रयोगशाळेत वाढवली. सप्टेंबर २०१३ मध्ये ती जगापुढे आली. नाव बॅट्राकोकायट्रियम सॅलॅमँड्रिव्होरन्स. शेवटच्या शब्दाचा अर्थ 'सॅलॅमँडर फस्त करणारी'. व्यवहारात सगळे तिला बीसॅल म्हणतात.

बेडकांच्या बदनाम बुरशीची ही सख्खी बहीण. पण बहीण म्हणजे तीच नव्हे, आणि तिथेच चाचण्या फसल्या होत्या. अशा चाचण्या रोग शोधत नाहीत, माहीत असलेल्या एका जातीच्या जनुकांचा तुकडा शोधतात. हजेरीपटावर ज्याचं नावच नाही, तो वर्गात बसलेला असला तरी त्याची हजेरी लागत नाही. नाव कळल्यावर जंगलात सापडलेल्या जुन्या मृत सॅलॅमँडरची कातडी पुन्हा पाहिली गेली. बीसॅल तिथे होतीच.

खात्री करण्यासाठी निरोगी सॅलॅमँडरना या बुरशीची लागण करून पाहिली. ते मेले, कातडीवर त्याच जखमा. लागण झालेल्या एका प्राण्याबरोबर निरोगी प्राणी फक्त दोन दिवस ठेवले, तेवढंही पुरलं.

ही बुरशी वागते कशी? तिचे बीजाणू शेपटीवाले असतात, पाण्यात पोहतात. ओल्या कातडीवर उतरले की पेशीत शिरतात, आत वाढतात, पेशी फोडून नवे बीजाणू बाहेर सोडतात. सॅलॅमँडरची कातडी अक्षरशः चाळणी होते, आणि त्या भोकांतून जिवाणू आत घुसतात ते वेगळंच. पिल्लांना मात्र ती धरत नाही, कारण पाण्यातल्या पिल्लाची कातडी तिच्या उपयोगाची नसते. मोठेपणीची कातडी तयार झाली की दार उघडलं.

थंडावा आणि ऊब

बंदिवासातले मृत्यू नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये का झाले, यावर मी बराच विचार केला आहे. नक्की कारण एकच असेल असं नाही, पण बुरशीचे आकडे बोलके आहेत. बीसॅल सर्वात जोमाने वाढते ती १० ते १५ अंश सेल्सिअसला. पाच अंशालाही ती तग धरते. २५ अंशाला मरते. तिची बेडूकमारी बहीण यापेक्षा उबदार हवामान पसंत करते.

आता फायर सॅलॅमँडर पाळणारा चांगला माणूस काय करतो? प्राण्याला उन्हाळ्यात त्रास होऊ नये म्हणून खोली थंड ठेवतो, पंधरा अंशांच्या आसपास गेली तर खूश होतो. ओलावा राखतो. लपायला झाडाची साल, शेवाळ देतो. प्राण्याची जितकी काळजी घ्यावी तितकी ती बुरशीलाही मानवते. वाईट पाळणाऱ्याच्या तापलेल्या, कोरड्या खोलीत ही बुरशी कदाचित टिकलीच नसती, पण तिथे सॅलॅमँडरही टिकला नसता.

उपचार याच आकड्यांतून निघाला. २०१५ मध्ये गेंटच्याच गटाने दाखवलं की लागण झालेल्या सॅलॅमँडरला सलग दहा दिवस २५ अंशात ठेवलं तर बुरशी पूर्ण जाते. औषध नाही, इंजेक्शन नाही, फक्त ऊब. पंचवीस अंश म्हणजे पुण्यात पंखा लावावा की नको असा प्रश्न पडावा इतकं तापमान. आगीतून जन्मतो अशी ख्याती असलेल्या प्राण्याला शेवटी थोडीशी ऊबच उपयोगी पडली.

पण हा उपाय सरसकट चालत नाही. फायर सॅलॅमँडर दहा दिवसांची ऊब सोसतो. थंड डोंगरी झऱ्यातल्या कित्येक जाती ती सोसणार नाहीत. त्यांच्यासाठी त्याच वर्षी दुसरा मार्ग दाखवला गेला: २० अंश तापमान, त्यात दिवसातून दोनदा पॉलिमिक्सिन ई या प्रतिजैविकाच्या पाण्यात बुडवणं आणि पाठोपाठ व्होरिकोनाझोल या बुरशीनाशकाचा फवारा, दहा दिवस. तिन्ही मिळून काम होतं, सुटं सुटं नाही. हे वाचून घरी करून पाहू नये, पशुवैद्याकडे जावं.

आणि जंगलाचं काय? जंगलाला पंचवीस अंशांवर दहा दिवस ठेवता येत नाही.

बुरशी कुठून आली

२०१४ मध्ये त्याच गटाने, जगभरच्या सहकाऱ्यांना घेऊन, उगम शोधला. चार खंडांतल्या पाच हजारांहून जास्त उभयचरांची तपासणी झाली, ३५ जातींवर प्रयोगशाळेत लागण करून पाहिली. युरोप आणि आसपासच्या प्रदेशातल्या जातींचे ४४ सॅलॅमँडर आणि न्यूट (न्यूट म्हणजे सॅलॅमँडरच्याच कुळातले, पाण्यात जास्त रमणारे) लागणीला सामोरे गेले, त्यांतले ४१ झपाट्याने मेले. पण आशियातल्या काही न्यूटना लागण व्हायची आणि ते मजेत जगायचे. थायलंड, व्हिएतनाम आणि जपानमध्ये निसर्गातच ही बुरशी सापडली. एका संग्रहालयात दीडशे वर्षांहून जुना एक जपानी न्यूट जपून ठेवलेला होता, त्याच्याही कातडीवर ती निघाली. तिथे हे नातं लाखो वर्षांचं. दोघांनी एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकायला भरपूर वेळ मिळाला. युरोपला तो मिळाला नाही.

आशियातून युरोपच्या जंगलात ती आली कशी याचं उत्तर पाळीव प्राण्यांच्या व्यापाराकडे बोट दाखवतं. चीनमधला लाल पोटाचा छोटा न्यूट जगभर टाक्यांसाठी विकला जायचा. एकट्या अमेरिकेत २००१ ते २००९ या काळात असे २३ लाख न्यूट आयात झाले. युरोपातल्या दुकानांत आणि हौशी लोकांच्या घरीही आशियाई न्यूट होतेच. जर्मनी आणि ब्रिटनमधल्या खाजगी संग्रहांत बीसॅलने सॅलॅमँडर मेल्याची प्रकरणं २०१५ मध्ये नोंदली गेली. बुंडरबॉसपर्यंत पोहोचायला फार काही लागत नाही: कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडलेला एक न्यूट, किंवा टाकीचं पाणी बदलून मागच्या ओढ्यात ओतलेली एक बादली. ज्याने ओतली असेल त्याला आजही पत्ता नसेल.

म्हणून या प्रकरणात बंदिवास ही गोष्ट तीन वेगवेगळ्या वेषांत भेटते. रोग आला तो टाकीतून. कळला तो टाकीत. बरा करता येतो तोही फक्त टाकीत. 'प्राणी पाळणं चांगलं की वाईट' असा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना हे प्रकरण वापरता येतं, आणि दोन्ही बाजू ते अर्धंच सांगतात.

रोबर्टव्हिल

बुंडरबॉसमध्ये जे झालं ते मागे वळून बघत जुळवावं लागलं. बेल्जियमच्या आर्देनमध्ये, रोबर्टव्हिल इथे, २०१४ मध्ये साथ आली तेव्हा संशोधक सुरुवातीपासून हजर होते. सहा महिन्यांत तिथले ९० टक्के फायर सॅलॅमँडर गेले. दोन वर्षांनी एक टक्काही उरले नव्हते.

संसर्गाच्या पुस्तकी हिशेबाने साथ अशी सगळ्यांना मारू शकत नाही. प्राणी विरळ झाले की एकमेकांना भेटत नाहीत, रोगाला पुढचा यजमान मिळत नाही, साथ विझते, थोडे वाचतात. रोबर्टव्हिलमध्ये असं का झालं नाही हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलगडलं, आणि ते वाचून पोटात गोळा येतो. त्याच जंगलात राहणारे अल्पाइन न्यूट हलक्या लागणीने मरत नाहीत, महिनोन्महिने बुरशी अंगावर बाळगत फिरतात. मिडवाइफ टोड नावाचा बेडूक तर आजारी न पडता ती वाहतो. शिवाय बुरशीचा दुसरा एक बीजाणू असतो, जाड कवचाचा, न पोहता पाण्यावर तरंगणारा. तळ्याच्या पाण्यात तो महिनाभर लागण करू शकतो आणि बदकवर्गातल्या पक्ष्यांच्या पायांच्या खवल्यांना चिकटतो. आजारी सॅलॅमँडर चालून गेलेली मातीही दोन दिवस धोक्याची. सॅलॅमँडर संपले तरी बुरशीला राहायला घरं भरपूर.

आणि प्रतिकारशक्ती? एकदा बरा झालेला फायर सॅलॅमँडर पुन्हा लागण झाली की पुन्हा मरतो. लस टोचून सोडून देण्याचा मार्गही त्यामुळे दिसत नाही.

२०१८ मध्ये बीसॅल एकदम स्पेनमध्ये उगवली, बार्सिलोनाजवळच्या मोंतनेग्रे डोंगरात. मधला सगळा फ्रान्स मोकळा. तिथे मार्बल्ड न्यूट मरत होते आणि त्याच पाण्यात परदेशी न्यूटही सापडले. एवढी मोठी उडी बदकाच्या पायांची नसते, माणसाच्या हातची असते. तिथल्या लोकांनी मात्र चपळाई दाखवली: जागेला कुंपण घातलं, रस्ता बंद केला, प्राणी गोळा केले. बुंडरबॉसला ज्ञान नव्हतं. मोंतनेग्रेला पाच वर्षांपूर्वी मिळालेलं ज्ञान होतं. ते ज्या मृत्यूंनी दिलं, ते विसरू नये.

कायदेही हलले. अमेरिकेत जगातले सर्वाधिक जातींचे सॅलॅमँडर आहेत. त्यांनी जानेवारी २०१६ मध्ये २० प्रजातीगटांतल्या २०१ जातींची आयात थांबवली. त्यानंतर तिथे अकरा हजारांहून जास्त नमुने तपासले गेले, एकातही बीसॅल निघाली नाही. आग लागायच्या आधी विहीर खणण्याचं असं उदाहरण वन्यजीवांच्या बाबतीत फार दुर्मिळ. युरोपीय संघाने २०१८ मध्ये सॅलॅमँडरच्या व्यापारासाठी किमान सहा आठवड्यांचं विलगीकरण किंवा उपचार सक्तीचे केले.

टाकीवाल्यांशी दोन शब्द

मासे पाळणाऱ्यांना 'क्वारंटाइन टँक' हा शब्द पाठ असतो आणि पाळला क्वचित जातो. नवा मासा सुंदर असतो, मुलं वाट बघत असतात, तो थेट मोठ्या टाकीत जातो. बुंडरबॉसच्या ३९ जणांच्या बाबतीत कुणी हलगर्जीपणा केला असं नाही. उपलब्ध चाचण्या झाल्या होत्या. त्यांची अडचण वेगळी होती: माहीत नसलेल्या रोगापासून विलगीकरण कसं करायचं? याचं प्रामाणिक उत्तर एवढंच, की चाचणी 'निगेटिव्ह' आली म्हणून प्राणी एकत्र करायचे नाहीत. छोटे छोटे गट, प्रत्येक गटाची जाळी, चिमटे, हातमोजे वेगळे. काम नेहमी निरोगी गटाकडून संशयित गटाकडे, उलट कधीच नाही. आणि मेलेला प्रत्येक प्राणी तपासणीला, कचऱ्यात नाही. कंटाळवाणं आहे खरं. पण ३९ एकाच टोपलीत असले की एक जखम सगळ्यांची होते.

सांडपाण्याबद्दल तर बोललंच पाहिजे. टाकीचं पाणी नाल्यात, विहिरीकाठी, बागेतल्या हौदात ओतायचं नाही. आधी निर्जंतुक करायचं, मग संडासात. पाळलेला प्राणी नकोसा झाला तरी निसर्गात सोडायचा नाही. हे 'मुक्त करणं' आपल्याकडे पुण्याचं काम समजलं जातं, म्हणून जास्तच जपून.

हल्ली पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये ॲक्सोलॉटल दिसतात. मेक्सिकोच्या तलावातला हा सॅलॅमँडर आपल्या हवेत चिलर लावून जगवावा लागतो. तो आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची सरकारकडे नोंदणी करावी लागते. फॉर्म भरणं कटकटीचं वाटतं, पण कुणाकडे काय आहे हेच माहीत नसेल तर साथ आल्यावर शोधणार कुठे?

सह्याद्रीत सॅलॅमँडर नाही म्हणून आपण सुटलो असं समजू नका. बेडकांची ती किट्रिड बुरशी पश्चिम घाटात २०११ मध्ये नोंदली गेली. २०१३ मध्ये पुण्याच्या संशोधकांच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात उत्तर सह्याद्रीतल्या प्रदेशनिष्ठ बेडकांवरही ती आढळली. इथे तिने मध्य अमेरिकेसारखा हाहाकार केलेला नाही. पण पावसाळ्यात आंबोलीला रात्री टॉर्च घेऊन बेडूक बघायला जाणाऱ्यांचे गमबूट मी पाहिले आहेत. तेच बूट, तोच चिखल, एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात, एका शनिवार-रविवारी तीन घाट. युरोपात आता जंगलात शिरण्याआधी आणि बाहेर पडल्यावर बूट ब्रशने घासून जंतुनाशकात बुडवतात; एक टक्का व्हर्कॉनचं द्रावण, पाच मिनिटं. एक बादली आणि एक ब्रश गाडीच्या डिकीत मावतो.

परत सोडायचे तर

बंदिवासात आणलेला प्राणी शेवटी परत जावा, या आशेवर आणलेला असतो. इथे गाडी अडते. बुरशी नसलेला फायर सॅलॅमँडर तयार करता येतो, वाढवताही येतो. पण ज्या जंगलात अल्पाइन न्यूट अंगावर बुरशी घेऊन फिरतायत, तिथे त्याला सोडणं म्हणजे बळी देणं. रोगाविरुद्ध त्याला शिकवता येत नाही, जंगलातून रोग काढता येत नाही.

एकच गोष्ट मनाला जरा उभारी देते. दक्षिण नेदरलँड्समध्येच साथीनंतर फायर सॅलॅमँडरची एक उरलेली वस्ती सापडली, आणि तिथे बीसॅल नव्हती. शेजारची वस्ती रोगाने रिकामी झालेली. मध्ये डोंगर नाही, भिंत नाही. दोन्ही जागा एका ओढ्याने जोडलेल्या, मधल्या जंगलात न्यूट आणि सॅलॅमँडर दोन्ही. जनुकं तपासली तर दोन्ही वस्त्या एकाच कुटुंबातल्या. तरीही रोग पलीकडे गेला नाही. २०१८ मध्ये हे मांडताना संशोधकांचा तर्क असा होता, की बीसॅल आपल्या पायांनी फारशी चालत नाही. आजारी प्राणी लांब जाण्याआधीच मरतो. एवढं अंतर तिला पार करवून देतं ते दुसरं कुणीतरी.

त्या छोट्या तुकड्यात मोजणीला जाणाऱ्याने आधी बूट धुवायचे असतात. मग टॉर्च, वही, आणि पिवळ्या डागांचे फोटो.